पीएसपी गो, यूएमडी आणि २००९ पासून चालत आलेलं भांडण

हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनवर, गेम डिस्क-कार्डवर घ्यायचा की सरळ डाउनलोड करायचा, हा वाद सध्या निंटेंडोच्या स्विच २ या मशीनच्या गेम-की कार्डांवरून (ज्यांत गेम नसतो, फक्त तो उतरवायची किल्ली असते) परत तापलाय. पण आत्ता जे मुद्दे लोक तावातावाने मांडतायत त्यातले निम्मेअधिक २००९ मध्येच मांडून झालेत, आणि तेव्हा सगळं भांडण सोनीच्या एका मशीनवरून झालं होतं, पीएसपी गो.

कार्ट्रिजच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता, कार्ट्रिज खोचली की गेम चालू, मग मित्राला द्या नाहीतर विकून टाका. हँडहेल्डमध्ये फिरणारी डिस्क खऱ्या अर्थाने आणली ती गोच्या आधीच्या मूळ पीएसपीने, डिसेंबर २००४ मध्ये जपानात. यूएमडी म्हणजे प्लास्टिकच्या कवचात बसवलेली ६० मिलिमीटरची छोटी डिस्क, दोन थरांची असेल तर १.८ जीबी मावायचे, आणि त्या काळी कार्ट्रिजमध्ये एवढी जागा त्या किमतीत मिळणं शक्यच नव्हतं. यूएमडीवर सिनेमेसुद्धा विकले, पण एकदा टीव्हीसाठी डीव्हीडी घेतल्यावर तोच सिनेमा छोट्या स्क्रीनसाठी परत कोण विकत घेणार, त्यामुळे ते दोनेक वर्षांतच बारगळलं.

यूएमडीची अडचण मात्र पहिल्या दिवसापासून होती. ड्राइव्ह घरघर करायचा, मोटर बॅटरी खायची आणि लोडिंग म्हणजे अक्षरशः अंत बघणं. २००७ च्या मॉडेलमध्ये रॅम दुप्पट म्हणजे ६४ एमबी केली ती बरीचशी याचसाठी, डिस्कवरचा डेटा आधीच वाचून ठेवता यावा म्हणून. दुसरीकडे होमब्रूवाल्यांनी, म्हणजे मशीनवर स्वतःचे अनधिकृत प्रोग्राम चालवणाऱ्यांनी, कधीच यूएमडीची आयएसओ (डिस्कची हुबेहूब फाइल) काढून मेमरी स्टिकवरून (पीएसपीत बसणाऱ्या मेमरी कार्डावरून) गेम चालवायला सुरुवात केली होती. त्यात पायरसी प्रचंड झाली हे खरंच आहे, पण स्वतःच्याच डिस्क स्टिकवर टाकून खेळणारेही होते आणि त्यांना कळलं होतं की स्टिकवरून गेम लवकर लोड होतो, आवाज नाही, बॅटरीही जास्त पुरते. म्हणजे डाउनलोडची जाहिरात कंपनीच्या आधी चोरट्या मार्गाने झालेली होती, असं म्हटलं तरी चालेल. मग २००८ च्या शेवटी फर्मवेअर ५.०० (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) आलं आणि सोनीचं ऑनलाइन स्टोअर थेट पीएसपीवरच उघडायला लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये आयफोनचं अ‍ॅप स्टोअर सुरू झालं होतं, तेव्हा वारं कुठल्या बाजूला आहे हे दिसतच होतं.

अशात १ ऑक्टोबर २००९ ला अमेरिका-युरोपात पीएसपी गो आली. आत १६ जीबी, सरकणारी स्क्रीन, खिशात सहज मावणारी, आणि यूएमडी ड्राइव्ह नाहीच. अमेरिकेत किंमत जवळपास २५० डॉलर, जेव्हा ड्राइव्हवाली पीएसपी-३००० साधारण १७० ला मिळत होती. म्हणजे एक भाग काढून टाकला आणि ८० डॉलर जास्त घेतले, आता यावर लोक चिडणार नाहीत तर काय.

पण किमतीपेक्षा जास्त बोचला तो जुन्या डिस्कांचा प्रश्न. ज्याच्याकडे वीस-पंचवीस यूएमडी आहेत त्याने गो घेतली तर त्या डिस्कांचं करायचं काय? सुरुवातीला कंपनीकडून असं सूचित झालं होतं की जुन्या ग्राहकांसाठी काहीतरी योजना विचाराधीन आहे. लाँच तोंडावर आलं आणि सांगण्यात आलं की कायदेशीर आणि तांत्रिक कारणांमुळे डिस्कच्या बदल्यात डाउनलोड देता येणार नाही. युरोपात जुनी पीएसपी असलेल्यांना ठरावीक यादीतले तीन गेम फुकट दिले, बस. आता अडचण खोटी नव्हती हे मान्य करायला हवं. एकच डिस्क दहा जणांत फिरवून दहा डाउनलोड घेतले असते ही भीती समजण्यासारखी आहे, आणि गेम दुसऱ्या प्रकाशकाचा असेल तर त्याला पैसे कोण देणार हाही प्रश्न होताच. पण मग मशीन अशा लोकांना विकायला काढायचंच कशाला ज्यांच्याकडे आधीच कपाटभर डिस्क आहेत? आणि वरून काही गाजलेले गेम तर स्टोअरवर कधी आलेच नाहीत. क्रायसिस कोर घ्या किंवा किंगडम हार्ट्स बर्थ बाय स्लीप, पीएसपीवर दोन्ही फक्त यूएमडीवरच राहिले, म्हणजे गोवाल्याने परत पैसे मोजायची तयारी दाखवली तरी ते मिळत नव्हते. दुकानदारांचंही बिनसलं, कारण मशीन विकून पुढे गेमच विकता येणार नसतील तर त्यात त्यांना काय सुटणार, युरोपात काहींनी तर ती ठेवायलाच नकार दिला. २०११ मध्ये गोचं उत्पादन बंद झालं. माझ्या मते लोकांनी डाउनलोडला नाकारलं नाही, जुनं सामान फेकून या असं सांगणाऱ्या सौद्याला नाकारलं.

गंमत म्हणजे २०११ च्या डिसेंबरमध्ये पीएसपीची वारसदार व्हिटा आली तेव्हा जपानात यूएमडी पासपोर्ट नावाची सोय निघालीच. डिस्क रजिस्टर करा, थोडे पैसे भरा, डाउनलोड घ्या. ठरावीक गेमपुरतीच होती आणि जपानबाहेर कधी आली नाही, पण दोन वर्षांपूर्वी जे जमणार नव्हतं ते निदान एका देशात तरी जमलं.

व्हिटाने डिस्क सोडून कार्ड धरलं आणि डाउनलोडही बरोबरीने ठेवलं, हे शहाणपणाचं होतं. मग त्यावर पाणी कशाने फिरवलं तर स्वतःच्याच खास मेमरी कार्डाने, ३२ जीबीचं अमेरिकेत तब्बल १०० डॉलरला.

यानंतर भांडणाचा रोखच बदलला, स्टोअर बंद झाल्यावर काय? निंटेंडोच्या डीएसआय या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान मार्च २०१७ मध्ये बंद झालं. २०२१ च्या मार्चमध्ये सोनीकडून पीएस३ (टीव्हीला जोडायचं मशीन), पीएसपी आणि व्हिटा तिन्हींची खरेदी बंद होणार असं जाहीर झालं, एवढी बोंबाबोंब झाली की पुढच्याच महिन्यात पीएस३ आणि व्हिटापुरता निर्णय मागे घेतला, पीएसपीवरची खरेदी मात्र जुलैत गेलीच. निंटेंडोच्याच थ्रीडीएस हँडहेल्डवर २७ मार्च २०२३ पासून काही विकत घेता येत नाही, घेतलेलं परत उतरवता येतं तेवढंच. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल विक्री करताना तुम्ही मालकी नव्हे, परवाना विकताय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं.

आणि आता जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ची गेम-की कार्डं. कार्डात गेम नसतोच, तो पहिल्यांदा नेटवरून उतरवायचा, आणि तरी खेळताना कार्ड आत लागतंच. विकता येतं, उसनं देता येतं, हा फायदा आहे, पण सर्व्हर गेला की नवीन मशीनवर त्या कार्डाचा उपयोग शून्य. निंटेंडोने डाउनलोड घेतलेल्या गेमसाठी व्हर्च्युअल कार्डही आणलंय, ते कुटुंबाच्या ग्रुपमधल्या कुणाला दोन आठवड्यांपर्यंत देता येतं. विकता मात्र ते येत नाही.