बंद नेट व्हीपीएनने सुरू होत नाही

यवतमाळ-वाशिमकडच्या गावग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज: सरकारने नेट बंद केलं तरी व्हीपीएन (आपलं नेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून वळवणारं अ‍ॅप) टाकलं की चालतं. हे अर्धंच खरं. ठरावीक साइट अडवल्या असतील तर व्हीपीएन बरेचदा कामी येतं. पण इजिप्तच्या सरकारने जानेवारी २०११ मध्ये आंदोलन दडपायला जवळजवळ सगळं नेटच तोडलं होतं. तिथे व्हीपीएन काय करणार? तेही नेटवरूनच जातं.

घरीच तपासा: मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करून व्हीपीएन लावा. जोडलं जाणारच नाही.

अशा वेळी साधा कॉल, एसएमएस करून पाहा. फक्त डेटा बंद असेल तर ते जातात. अत्याचाराचा व्हिडिओ असेल तर पुसू नका. मूळ फाइल मेमरी कार्डवर ठेवा, भरवशाच्या माणसाच्या फोनवर ब्लूटूथने द्या. नेट आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता व्हिडिओ म्हणून टाकला तर त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि तिच्यातली मूळ नोंद (कधी, कुठे काढला ते) गळते.