पोकेमॉनची पुस्तकं घेण्याआधी

आमच्या दुकानाच्या आणि वाचनालयाच्या ग्राहकांसाठी

"पोकेमॉनचं एखादं पुस्तक द्या" एवढंच सांगितलंत तर आमच्या फळीवरून चार-पाच प्रकारची पुस्तकं निघतील आणि त्यांतली निम्मी तुमच्या मुलाच्या कामाची नसतील. वाढदिवसाची भेट घ्यायला आलेल्या आजी-आजोबांची तर हमखास पंचाईत होते, कारण वेष्टनावर सगळीकडे तोच पिवळा पिकाचू. म्हणून हे पत्रक.

आधी थोडी ओळख. हे मुळात पुस्तक नव्हे, कार्टूनही नव्हे. हा गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर खेळायचा जपानी खेळ. त्यातल्या काल्पनिक प्राण्यांना पोकेमॉन म्हणतात, पिकाचू त्यांतलाच एक. फेब्रुवारी 1996 मध्ये तो जपानात आला. सातोशी ताजिरी हे त्याचे कर्ते. टोकियो महानगरातल्या माचिदा शहरात लहानपणी ते किडे गोळा करत हिंडायचे, आणि पकडा, ओळखा, नोंद करा, मित्राशी अदलाबदल करा, हा सगळा उद्योग त्यांनी खेळात उतरवला. टीव्ही मालिका एप्रिल 1997 मध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती 2003 च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर आली, तेव्हा आज तिशीत असलेले आई-बाबा शाळेत होते. चिप्सच्या पुड्यातले टाझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, जमवणारे तेच. ते दुकानात आले की मुलापेक्षा जास्त वेळ फळीपाशी उभे राहतात, आणि आमची त्याला हरकत नाही.

हँडबुक: सगळ्यात जास्त वाचलं जाणारं

पालक ज्याला "हे काय, नुसती यादी" म्हणून बाजूला ठेवतात, तेच पुस्तक मुलं फाटेपर्यंत वाचतात. स्कोलॅस्टिक या प्रकाशनाची ही जाडजूड हँडबुकं म्हणजे पोकेमॉनचा कोश. प्रत्येक प्राण्याचं चित्र, नावाचा उच्चार, प्रकार (आग, पाणी, वीज असे एकूण 18), उंची, वजन, तो कशाला घाबरतो, पुढे कशात रूपांतर होतं, आणि स्वभावाबद्दल दोन-चार ओळी.

इंग्रजी वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला आम्ही पहिल्यांदा हेच देतो. कारण साधं आहे. प्रत्येक नोंदीची मांडणी तीच, शब्दही पुन्हा पुन्हा तेच, आणि ज्याच्याबद्दल वाचायचं तो प्राणी मुलाच्या ओळखीचा. दहा नोंदी झाल्या की अकरावीला अडखळणं कमी होतं. गोष्टीचं पुस्तक मधेच सोडलं की धागा तुटतो. इथे धागाच नाही, त्यामुळे कुठलंही पान उघडा. मराठी माध्यमातल्या पाचवी-सहावीच्या मुलांनाही हे जमताना आम्ही बघतो. चाली आणि हल्ल्यांच्या याद्या मात्र मोठ्याने वाचून दाखवायच्या फंदात पडू नका, दोघांनाही झोप येईल.

मापं फूट आणि पौंडात असतात, याचा त्रास करून घेऊ नका, उपयोग करून घ्या. पिकाचू 1 फूट 4 इंच आणि 13.2 पौंड, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटर आणि 6 किलो. वेलॉर्ड नावाचा देवमासा साडेचौदा मीटर लांब, पण वजन फक्त 398 किलो! खरा निळा देवमासा शंभर टनांच्याही वर जातो. हे गणित मुलाने स्वतः करून "यांनी चुकीचं छापलंय" असं सांगितलं तर त्याला शाबासकी द्या. छापलंय बरोबर; खेळातच तो तितका हलका आहे.

दुसरं उदाहरण कॅटरपी या हिरव्या अळीचं. तिच्या डोक्यावरच्या लाल शिंगातून दुर्गंध सुटतो आणि शत्रू पळतो, असं तिच्याबद्दल सांगतात. ही कल्पना हवेतून आलेली नाही. तुमच्या कुंडीतल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर पाकोळी फुलपाखरांच्या अळ्या येतात. त्यांना काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून तसंच लालसर शिंग बाहेर पडतं आणि उग्र वास येतो. कॅटरपीचा पुढे कोष होतो आणि मग फुलपाखरू, अगदी आपल्या अळीसारखंच. किडे जमवणाऱ्या मुलाने मोठेपणी केलेला हा खेळ आहे, हे अशा ठिकाणी कळतं. फुलपाखरांची आणि पक्ष्यांची मराठी सचित्र पुस्तकं आम्ही मुद्दाम शेजारच्या कप्प्यात ठेवली आहेत.

कोणतं हँडबुक?

इथे खरी गोची आहे. पहिल्या खेळात 151 प्राणी होते. जानेवारी 2024 मध्ये ही संख्या 1025 वर गेली. त्यामुळे कोणतंही हँडबुक दोन-तीन वर्षांत अपुरं पडतं. 2015 च्या डिलक्स आवृत्तीत सातशेहून जास्त, 2018 च्या सुपर डिलक्समध्ये आठशेहून जास्त, 2021 मध्ये सुपर एक्स्ट्रा डिलक्स, आणि त्यानंतर 2024 मध्ये सुपर ड्युपर एक्स्ट्रा डिलक्स. उडपी हॉटेलातल्या थाळीसारखी नावं वाढत चालली आहेत. पुढच्या आवृत्तीला काय म्हणणार, ही आम्हालाही उत्सुकता आहे.

म्हणून येण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारा: "तुझा प्रदेश कोणता?" प्रदेश म्हणजे खेळातला काल्पनिक मुलूख, प्रत्येकातले नवे प्राणी वेगळे. कांटो, जोटो, होएन, सिनो, युनोवा, कालोस, अलोला, गालार, पाल्डिया यांपैकी काहीतरी उत्तर येईल. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल, तेवढा शब्द चिठ्ठीवर लिहून आणा. पाल्डिया आलं तर 2022 च्या आधी छापलेलं हँडबुक घेऊ नका. त्यात त्या प्रदेशातला एकही नवा प्राणी नसेल आणि मुलगा पहिल्या पाच मिनिटांत नाराज होईल.

गोष्टी आणि मांगा

छोट्या कादंबऱ्या 1999 पासून स्कोलॅस्टिकने काढल्या. टीव्हीवरचे भागच त्यांत गोष्टीरूपाने सांगितले आहेत. पहिल्या गोष्टीत टीव्ही मालिकेचा नायक अ‍ॅश उशिरा उठतो, बल्बसॉर, चारमँडर, स्क्वर्टल हे तिन्ही पोकेमॉन आधीच दुसऱ्यांनी नेलेले असतात, आणि त्याच्या वाट्याला पोकेमॉन ठेवायच्या चेंडूत बसायला तयार नसलेला हट्टी पिकाचू येतो. भाषा सोपी, वाङ्मय म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला "मी अख्खं पुस्तक संपवलं" हे समाधान मात्र नक्की मिळतं. नव्या मालिकेचे प्रेक्षक अ‍ॅशला फारसे ओळखत नाहीत. 2023 पासून मालिकेत लिको आणि रॉय हे नवे नायक आहेत, तेव्हा त्यांची पुस्तकं हवीत का हेही विचारून घ्या.

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. यातली 'पोकेमॉन अ‍ॅडव्हेंचर्स' ही मालिका आमच्या मते सगळ्यात दमदार. हिदेनोरी कुसाका यांनी लिहिलेली, चित्रं आधी मातो यांची आणि नंतर सातोशी यामामोतो यांची. जपानात 1997 मध्ये ती शोगाकुकान या प्रकाशनाच्या शाळकरी मुलांच्या मासिकांतून सुरू झाली, इंग्रजीत विझ मीडिया हे प्रकाशन काढतं. तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. यात अ‍ॅश नाही, नायक आहे रेड. मारामारी टीव्हीपेक्षा जास्त आहे. सुरुवातीच्या भागांत एका ठिकाणी अरबॉक नावाच्या सापाचे चक्क दोन तुकडे होतात. आम्ही नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना ती सहसा देत नाही. आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते. "पुस्तक उलटं बांधलंय" म्हणून प्रत परत घेऊन येणारे ग्राहक दर सुट्टीत असतात. आम्ही त्यांना शेवटच्या पानापासून सुरुवात करून देतो आणि ते हसत परत जातात.

अगदी लहानग्यांसाठी जाड पुठ्ठ्याची अक्षर-अंक-रंगांची पुस्तकं आहेत, आणि चार-पाच वर्षांच्यांना गर्दीतला प्राणी शोधायची चित्रपुस्तकं. स्टिकरची पुस्तकं घ्यायची तर घ्या, रविवारी दुपारी संपतील.

नकली प्रत कशी ओळखावी

आतल्या पानावर निन्टेंडो, क्रीचर्स आणि गेम फ्रीक या तिन्ही जपानी कंपन्यांच्या नावांची हक्काची (कॉपीराइटची) ओळ असते. ती नसेल, रंग फिकट किंवा चित्रं धूसर असतील, तर ती प्रत उचलू नका. हँडबुकात बारीक अक्षर भरपूर असतं, आणि छायाप्रतीत नेमकं तेच वाचता येत नाही. पोकेमॉनचे खेळायचे पत्ते (कार्ड) हवे असतील तर तेही सांगतो: पुस्तकात खेळायचे पत्ते नसतात, आणि आम्ही सुटे पत्ते विकत नाही.

आमच्याकडे

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. प्रत्येक प्रकारची एक नमुना प्रत गल्ल्याजवळच्या टेबलावर आहे. ती उघडून बघा, मुलाला बसवून वाचायला द्या, घेतलंच पाहिजे असं नाही. मांगाचे सगळे भाग एकदम विकत घेऊ नका, ही मालिका बरीच लांब आहे. वाचनालयाचे सभासद एका वेळी दोन भाग घरी नेऊ शकतात. हँडबुक वाचनालयातून मिळत नाही, कारण दिलेलं परत येत नाही. नवी आवृत्ती आली की जुनं हँडबुक, पानं शाबूत असतील तर, आणून द्या. नव्याच्या किमतीत काही सूट देतो आणि जुनं कमी दरात दुसऱ्या मुलाला विकतो. भेट म्हणून घेणार असाल तर पावती जपून ठेवा. मुलाकडे तेच पुस्तक आधीपासून निघालं तर पंधरा दिवसांत बदलून मिळेल.