वीज गेली आणि फिल्टर सारे विसरला

सोलापुरात टॉवेलांचा कारखाना असलेल्या एका परिचितांकडे गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला, आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डरींच्या मेलमध्ये लॉटरीचे मेल येऊन बसले. सर्व्हरला नजर लागली असे ठरवून कोणीतरी त्याच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली. खरा दोष मात्र नकोसे मेल (स्पॅम) गाळणाऱ्या फिल्टरची आठवण कोठे साठवली होती, यात होता.

असा फिल्टर मुळात मोजदाद करतो: ‘जेकार्ड’ (नक्षीदार विणकाम) हा शब्द कामाच्या किती मेलमध्ये आला आणि नकोशा किती मेलमध्ये. (2002 मध्ये प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांनी लोकप्रिय केलेल्या या रीतीला आता विक्रेते सर्रास ‘एआय’ म्हणतात.) हे आकडे येथे केवळ मेमरीत होते. मेमरीतील प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभार असतो. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारा कोणी उरत नाही. स्पॅमअसॅसिनसारखा फिल्टर तर मूळ मांडणीत दोन्ही प्रकारचे किमान 200 मेल शिकल्याशिवाय या मोजदादीवरून मतच देत नाही.

मग सारे डिस्कवरील डेटाबेसमध्येच का ठेवू नये? फिरत्या डिस्कवर एक आकडा शोधायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, मेमरीत सुमारे 100 नॅनोसेकंद, म्हणजे लाखपट फरक. मेलमध्ये 500 वेगळे शब्द असतील, तर एका मेलला 5 सेकंद.

यावरची युक्ती सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या जुन्या कापड व्यापाऱ्याला सांगावी लागणार नाही. व्यवहार घडताच तो रोजकीर्दीत एकाखाली एक लिहायचा, खतावणी सवडीने करायचा. संगणकही मेमरीतील आकडा बदलण्याआधी डिस्कवरील नोंदवहीच्या शेवटी एक ओळ जोडतो. शेवटीच लिहायचे असल्याने डिस्कवर लिहिणाऱ्या टोकाला इकडेतिकडे धावावे लागत नाही. वीज परतली की वही पुन्हा वाचून आकडे उभे राहतात. मात्र ओळ ‘एकाने वाढव’ अशी असेल आणि ती चुकून दोनदा वाचली गेली तर मोजणी फुगते. ‘आता 41’ असे लिहिले तर कितीदाही वाचा, 41च राहतात. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम ‘लिहिले’ म्हणते तेव्हा मजकूर बहुधा तिच्याच मेमरीत पडून असतो. तो खरोखर डिस्कवर उतरवण्याचा आदेश, एफसिंक, वेगळा द्यावा लागतो आणि तो मंद असतो. मेमरीत चालणाऱ्या रेडिस या डेटाबेसमध्ये अशी वही सुरू केली, तर तो हा आदेश सहसा दर सेकंदाला एकदाच देतो. वीज गेल्यास साधारण सेकंदभराचे शिकणे बुडते, जे बँकेच्या खात्यात चालणार नाही, पण लॉटरीच्या मेलांच्या मोजदादीत खुशाल चालते.