लष्करी संबोधन आणि सलगीची दुरुस्ती

लष्करात कोणी कोणाला काय म्हणून हाक मारायची, कोणी आधी सलाम करायचा, कोण आत आल्यावर उठून उभे राहायचे, याविषयीचे लेखी नियम आणि अलिखित रिवाज मिळून लष्करी शिष्टाचार होतो. सलाम हा त्यातला डोळ्यांत भरणारा भाग, त्यामुळे त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सलामाला जागा, गणवेश आणि प्रसंग लागतो. हाक मात्र कवायतीच्या मैदानापासून रणगाड्याच्या पोटापर्यंत सगळीकडे मारावी लागते आणि चुकाही तिच्यातच जास्त होतात. हुद्द्याऐवजी नावाने हाक मारणे, हुद्द्याचे लाडके रूप वापरणे, एकेरीवर येणे, ‘सर’ गाळणे ही अशा चुकांची नेहमीची रूपे आहेत. त्यांची दुरुस्ती कोणी आणि कशी करायची, यालाही लष्करात रीत आहे.

मान माणसाला नसून हुद्द्याला असतो, हे सगळ्या सैन्यांत मानले जाणारे मूळ तत्त्व. ते ऐकायला कोरडे वाटते, पण त्याने एक मोठी सोय होते. वरिष्ठ आवडतो की नाही, तो वयाने लहान आहे का, काल त्याच्याशी वाजले होते का, हे काहीही मनात असले तरी हाक तीच राहते. ज्याला उद्या धोक्याच्या जागी जायचा हुकूम द्यायचा किंवा घ्यायचा आहे, त्याच्याशी बोलताना दररोज नव्याने नाते ठरवावे लागत नाही.

तोंडी हाक आणि कागदावरचा हुद्दा मात्र एकच नसतात. अमेरिकी भूदलात लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल दोघांनाही ‘कर्नल’ म्हणतात, एका ताऱ्यापासून चार ताऱ्यांपर्यंतचे सगळे ‘जनरल’, आणि धर्मगुरूचा हुद्दा कोणताही असो, तो ‘चॅप्लिन’च. तिथे स्टाफ सार्जंटला नुसते ‘सार्जंट’ म्हटलेले चालते. त्याच देशाच्या मरीन दलात मात्र हुद्दा पुरा उच्चारावा लागतो. स्टाफ सार्जंटला ‘सार्जंट’ म्हणणे म्हणजे त्याला एक पायरी खाली ओढणे. त्यामुळे एका दलात वर्षे काढून दुसऱ्यात गेलेल्या माणसाकडूनही पहिल्या दिवसांत हमखास चूक होते. ‘सार्ज’ हे छोटे रूप अमेरिकी भूदलात सलगीचे समजले जाते, तर ब्रिटिश सैन्याच्या बऱ्याच तुकड्यांत ते रोजच्या वापरात आहे. ब्रिटिश रिवाजात स्टाफ सार्जंट ‘स्टाफ’ होतो आणि कलर सार्जंट ‘कलर’. पहिल्या वर्गाच्या वॉरंट ऑफिसरला, म्हणजे सार्जंटच्या वर पण अधिकाऱ्यांच्या खाली असलेल्या माणसाला, हाताखालचे लोक ‘सर’ म्हणतात, अधिकारी मात्र ‘मिस्टर’ लावून आडनावाने हाक मारतात. फ्रेंच भूदलात पुरुष अधिकाऱ्याला ‘मों कापितेन’ म्हणजे ‘माझे कॅप्टन’ म्हणतात. स्त्री अधिकाऱ्याला ‘मों’ न लावता नुसते ‘कापितेन’. फ्रेंच नौदलात तर ‘मों’ कोणालाच लावत नाहीत. जहाजावर आणखी एक गाठ असते. जहाज ज्याच्या ताब्यात आहे, त्याचा स्वतःचा हुद्दा कमांडर असो की लेफ्टनंट, इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक नौदलांत तो आपल्या जहाजावर ‘कॅप्टन’ असतो.

भारतीय भूदलातील ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांचे लोक, हे या दृष्टीने वेगळे उदाहरण आहे. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर यांना जवान ‘साहेब’ म्हणतात आणि हुद्द्याने वर असलेला तरुण लेफ्टनंटही ‘साहेब’च म्हणतो. सलाम खालून वर जातो, पण आदराचा शब्द दोन्ही दिशांनी. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला नुकत्याच आलेल्या अधिकाऱ्याने नुसत्या नावाने हाक मारली, तर त्याला समज मिळते आणि ती बहुधा त्याच्याच वरिष्ठाकडून.

‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद ज्या भाषांत आहे, तिथे हा प्रश्न जास्त खोल जातो. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको. इंग्रजीत सर्वनामातून कोणाचा मान ठेवता येत नाही, म्हणून ‘सर’ या एका शब्दावर सगळा भार पडतो. रशियन भाषेत ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही. झारच्या सैन्यात अधिकारी शिपायाला ‘ती’ म्हणत, आणि शिपायाने मात्र त्याच अधिकाऱ्याला हुद्द्यानुसार ‘महामहिम’ किंवा ‘कुलवंत’ अशा अर्थाची लांबलचक बिरुदे लावायची. १९१७ च्या क्रांतीत, जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे १ मार्चला, पेट्रोग्राड सोव्हिएतने, म्हणजे राजधानीतल्या कामगार आणि सैनिकांच्या प्रतिनिधींच्या परिषदेने, आपला पहिला आदेश काढला. त्यात शस्त्रे कोणाच्या ताब्यात असावीत, सैनिकांच्या समित्या कशा निवडाव्यात अशा मोठ्या गोष्टी होत्या, आणि त्यांच्याच रांगेत संबोधनाचेही कलम होते. बिरुदे बंद, यापुढे ‘श्रीयुत जनरल’, ‘श्रीयुत कर्नल’ एवढेच. शिपायांशी उद्धटपणे वागायला, विशेषतः त्यांना ‘ती’ म्हणायला मनाई. आणि कोणी तसे बोललाच तर ते कंपनीच्या समितीला कळवायचे. कामावर नसताना सावधानमध्ये उभे राहण्याची आणि सलामाची सक्तीही त्याच आदेशाने उठवली. हाक दुरुस्त करण्याचा अधिकार खालच्याने वरच्यावर वापरावा, असे लेखी फर्मान सैन्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. राज्य उलथत असताना लोकांना सर्वनाम दुरुस्त करावेसे वाटले, यावरून ‘अरे-तुरे’ किती लागलेले असते ते कळते. पुढे ‘कॉम्रेड’ या अर्थाचा ‘तवारिश’ हा शब्द आला, आणि सोव्हिएत संघ मोडल्यावरही रशियन सैन्यात कर्नलला ‘तवारिश पल्कोव्हनिक’ असेच संबोधले जाते.

दक्षिण कोरियाच्या सैन्यात गुंतागुंत याहून बारीक होती. ज्याच्याविषयी बोलायचे तो आपल्याहून मोठा, पण ज्याच्याशी बोलायचे तो त्याच्याहूनही मोठा, अशा वेळी मधल्याचा आदरार्थी उल्लेख करायचा नाही, असा नियम होता. म्हणजे सार्जंटसमोर कॉर्पोरलबद्दल सांगताना ‘आले’ म्हणायचे नाही, ‘आला’ म्हणायचे. आणि पाठ वळताच त्याच कॉर्पोरलशी बोलताना पुन्हा आदरार्थी. शिवाय प्रत्येक वाक्य ‘दा’ किंवा ‘क्का’ या औपचारिक प्रत्ययांनीच संपवायचे. नव्याने भरती झालेली पोरे सांगायचे ते विसरून वाक्याच्या शेपटीकडेच लक्ष देत. २०१६ मध्ये संरक्षण मंत्रालयाने हे दोन्ही सैल केले.

चूक दुरुस्त करण्याची पद्धत पुस्तकात एका वाक्यात संपते : लगेच, थोडक्यात, आणि वरिष्ठ असल्यास एकांतात. प्रत्यक्षात ती ऐकण्यासारखी असते. भांडारात नवा शिपाई बूट बदलून घ्यायला येतो. “सार्ज, हे पायाला लागतायत.” सार्जंट वहीतून डोके वर काढत नाही. पेन मात्र थांबते. “कोणाला लागतायत?” शिपायाच्या टाचा जुळतात. “सार्जंट, मला बूट लागतायत, सार्जंट.” “हं. नंबर सांग.” एवढेच. आवाज चढत नाही, रांगेतल्या चौथ्या माणसाला काही झाल्याचे कळतही नाही आणि बूट मिळतात. यात एक हिशेब आहे : दुरुस्ती चुकीएवढीच असावी. शब्द चुकला तर शब्द दुरुस्त करावा. त्याच्या घरचे वळण काढले, किंवा बूट द्यायचेच नाकारले, तर तो हुद्द्याचा मान राहत नाही, सार्जंटचा अहंकार होतो, आणि शिपायांना हा फरक फार लवकर कळतो.

अधिकाऱ्याशी कोणी सलगीने बोलले, तर अधिकाऱ्याने स्वतः तोंड उघडायचे की नाही, हाही रिवाजाचा भाग. बहुतेक सैन्यांत ते काम सार्जंटचे किंवा हवालदाराचे समजतात. अधिकारी ऐकून न ऐकल्यासारखे करतो आणि संध्याकाळी पलटणीचा सार्जंट त्या जवानाला बाजूला घेतो. कारण साधे आहे : लेफ्टनंट स्वतःच्या मानासाठी भांडताना दिसला की मान कमीच होतो. पण उलट प्रकारही सार्जंटच्याच वाट्याला येतो. नवा लेफ्टनंट पोरांत मिसळायला जातो, पहिल्या आठवड्यात त्यांना आपले पहिले नाव सांगून टाकतो. तेव्हा मुरलेला सार्जंट दार लावून म्हणतो, “सर, पोरं तुम्हाला नावानं हाक मारायला लागलीयत. त्यांचं मी बघतो. तुमचं तुम्ही बघा.” वाक्यातला ‘सर’ जागच्या जागी असतो आणि समज त्याच्याच आडून दिलेली असते. कनिष्ठाने वरिष्ठाला दुरुस्त करण्याची हीच मान्य वाट.

संबोधनाच्या चुकीवरून कोणी सहसा लष्करी न्यायालयापुढे उभा राहत नाही, पण कायदा मागे असतो. अमेरिकी लष्करी न्यायसंहितेचे ८९ वे कलम वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अनादराचे आहे. त्याचे विवरण करताना लष्करी न्यायालयांच्या नियमपुस्तिकेत सलाम टाळणे, तुच्छता, उर्मटपणा यांच्याबरोबर अवाजवी सलगीही मोजली आहे. बोललेले खरे होते, हा बचाव तिथे चालत नाही. मात्र ज्या वरिष्ठाचे स्वतःचे वागणेच हुद्द्याला न शोभणारे होते, त्याला हे संरक्षण गमवावे लागू शकते. भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमात कलम ४० खाली वरिष्ठाशी उद्धट भाषा वापरणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायद्याला पकडायला सर्वांत अवघड जातो तो सूर. ‘येस सर’ हे दोन शब्द लांबवून, छताकडे बघत म्हटले, तर ते शिवीपेक्षा वाईट लागतात, आणि लिहून काढले की निर्दोष दिसतात.

औपचारिकता सगळीकडे सारखी घट्ट नसते. इस्रायली सैन्यात अधिकाऱ्याला पहिल्या नावाने हाक मारणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण तिथेही सुरुवातीच्या प्रशिक्षणात मुद्दाम अंतर राखतात आणि त्या अंतराला ‘डिस्टन्स’ असाच शब्द आहे. शिकवणाऱ्याला ‘हमेफाकेद’, म्हणजे ‘कमांडर’, एवढेच म्हणायचे. त्याने हसायचे नाही, स्वतःविषयी काही सांगायचे नाही. प्रशिक्षण संपताना हे ‘डिस्टन्स’ समारंभाने मोडतात : कमांडर आपले नाव सांगतो, थट्टामस्करी होते, आणि त्यानंतर ती पोरे त्याला नावाने हाक मारू शकतात. सलगी इथे चूक ठरत नाही, ती कमावावी लागते. अनेक देशांच्या विशेष दलांतही छोट्या तुकड्यांत नावे किंवा टोपणनावे चालतात; पण बाहेरचा अधिकारी आला, की तीच माणसे क्षणात हुद्द्यांवर येतात. युद्धक्षेत्रात सलाम आणि मोठ्याने ‘सर’ म्हणणे बऱ्याचदा बंदच असते, कारण दुरून दुर्बिणीतून बघणाऱ्या नेमबाजाला त्यावरून अधिकारी कोण ते कळते. तिथे चुकून ठोकलेल्या सलामाबद्दल शिपायाला ऐकावे लागते.

सर्वांत अवघड दुरुस्ती बढतीची. काल एका खोलीत राहणारे, एकमेकांना शिव्या देऊन हाक मारणारे दोघे. त्यांतल्या एकाच्या बाहीवर आज नवी फीत चढते. संध्याकाळी दुसरा सवयीने जुन्या टोपणनावाने ओरडतो आणि खोली गप्प होते. ज्याला बढती मिळाली त्याने त्या क्षणी हसून घेतले, तर उद्या पहाऱ्याची पाळी लावताना त्याच मित्राची सूट मागणारी नजर झेलावी लागते. चारचौघांत टोकले, तर मैत्री जाते. जाणते लोक त्याला बाहेर नेतात आणि सांगतात, की दाराच्या आत जुने नाव चालेल, दाराबाहेर नाही. सगळ्यांनाच हे जमत नाही, आणि म्हणूनच शक्य असेल तिथे नव्याने बढती मिळालेल्याला दुसऱ्या पलटणीत किंवा कंपनीत पाठवतात. तिथे त्याचे जुने नाव कोणाला ठाऊक नसते.