ढग, टाइम स्टेप आणि हिमयुगाची परीक्षा: क्लायमेट मॉडेलच्या एका दुरुस्तीमागचा इतिहास

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात बोल्डरला एनकार ही हवामान संशोधनाची मोठी संस्था आहे. तिथलं सीईएसएम२ हे संगणकावर पृथ्वीचं हवामान चालवून बघणारं मॉडेल आलं तेव्हा त्यातल्या एका आकड्याने सगळेच चमकले. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जगाचं सरासरी तापमान शेवटी किती वाढेल, तर ५.३ अंश. आधीच्या व्हर्जनमध्ये हाच आकडा ४ च्या आसपास होता. आता भविष्य तपासायचं तर थांबावं लागतं, पण भूतकाळ तपासता येतो, म्हणून जियांग झू आणि सहकाऱ्यांनी मॉडेलला साधारण २१ हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात नेऊन चालवलं. मॉडेलमधली पृथ्वी ११ अंशांहून जास्त गार पडली, आणि समुद्रतळाच्या गाळातले वगैरे पुरावे सांगतात सुमारे ६ अंश. म्हणजे जवळपास दुप्पट, एवढी गडबड सोडून देण्यासारखी नव्हतीच.

२०२२ मध्ये त्यांनी दुरुस्ती मांडली. ढगांच्या कोडमध्ये बर्फाच्या कणांच्या संख्येवर एक मर्यादा घातलेली होती जी तिथे असायला नको होती, ती काढली, आणि ढगांच्या सूक्ष्म प्रक्रियांची टाइम स्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं ते पाऊल, लहान केली. तो ५.३ परत ४ च्या जवळ आला आणि हिमयुगही बरंच ताळ्यावर आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण टाइम स्टेप हा गणिताचा प्रश्न आणि ढग हा भौतिकशास्त्राचा प्रश्न अशी वाटणी आपण करतो, आणि इथे दोन्ही एकमेकांत पूर्ण गुंतलेले होते. ते तसे कसे गुंतले हे कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश माणसाने पहिल्या महायुद्धात ॲम्ब्युलन्स चालवत असताना हाताने आकडेमोड करून २० मे १९१० या दिवसाचं हवामान काढलं, ते १९२२ मध्ये छापून आलं. उत्तर आलं की ६ तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. याचं खापर बरेचदा मोठ्या टाइम स्टेपवर फोडतात पण ते बरोबर नाही, त्याने एकच पाऊल टाकलं होतं आणि घोळ सुरुवातीच्या आकड्यांमध्ये होता, वारा आणि दाब यांचा मेळच बसलेला नव्हता. अर्थात तो तसाच पुढे गेला असता तर टाइम स्टेपनेही त्याला अडवलंच असतं. ते का, हे १९२८ मध्ये कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तिघांनी गणितातून दाखवलं: मॉडेल जगाचे खाने पाडतं, त्या जाळीला ग्रिड म्हणतात, आणि एका टाइम स्टेपमध्ये लाट ग्रिडच्या एका खान्यापेक्षा लांब जाता कामा नये, गेली तर चुका फुगत जातात आणि मॉडेल फुटतं. १०० किलोमीटरचा ग्रिड आणि सेकंदाला १०० मीटरचा वारा धरला तर १,००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत राहायला हवं.

मग सरळ स्टेप लहान करा की, असं वाटतं ना? १९५६ मध्ये नॉर्मन फिलिप्स यांनी प्रिन्स्टनला पहिलं जनरल सर्क्युलेशन मॉडेल, म्हणजे वातावरणाच्या मोठ्या वाऱ्यांचं मॉडेल, चालवलं, त्यात ढग नाहीत, पाऊस नाही, नुसती हवा, तरी महिनाभराच्या आसपास सिम्युलेशन कोलमडलं. १९५९ मध्ये त्यांनीच दाखवलं की ही अस्थिरता वेगळी आहे आणि टाइम स्टेप कमी करून ती जात नाही. लहान लाटांची ऊर्जा ग्रिडला नीट दिसत नाही आणि ती चुकीच्या ठिकाणी साठत जाते. लॉस एंजेलिसला अकिओ अराकावा यांनी १९६६ मध्ये समीकरणं अशी मांडली की ऊर्जा टिकून राहते आणि हा फुगवटा येतच नाही. हे काम झालं नसतं तर शंभर वर्षांचं सिम्युलेशन वगैरे विसरा.

ढग आले ते नंतर, आणि आडवाटेने. १९६० च्या दशकात स्युकुरो मानाबे यांनी मॉडेलमध्ये ओलावा आणला पण किरणोत्साराच्या हिशोबात ढग ठरवून दिलेलेच होते. १९७९ च्या चार्नी अहवालात दुप्पट कार्बन डायऑक्साइडच्या तापमानवाढीसाठी १.५ ते ४.५ अंश अशी रुंद रेंज आली, त्यात ढगांचा मोठा वाटा होता. आणि १९८९ मध्ये ब्रिटिश मेट ऑफिसच्या मॉडेलने तर डोळेच उघडले, ढगातलं पाणी आणि बर्फ कसं मोजायचं आणि त्यानुसार ढग किती चकाकतो एवढं बदललं तर तापमानवाढ ५.२ वरून १.९ अंशांपर्यंत खाली आली. बर्फाचा ढग वितळून पाण्याचा झाला की तो जास्त चकाकतो आणि जास्त काळ टिकतो, म्हणून मॉडेलमध्ये आधी बर्फ किती धरलाय यावर पुढची तापमानवाढ अवलंबून राहते. सीईएसएम२ मध्ये तेहतीस वर्षांनी नेमकी हीच दुखरी जागा सापडली.

आता स्टेपचा यात संबंध काय ते बघा. सीईएसएम२ मध्ये भौतिक प्रक्रियांची मुख्य टाइम स्टेप अर्ध्या तासाची. सेकंदाला ५ मीटरने पडणारा पावसाचा थेंब अर्ध्या तासात ९ किलोमीटर खाली येतो, म्हणजे मॉडेलचे कित्येक थर ओलांडून जातो. म्हणून ढगांच्या आत वेगळ्या लहान स्टेप्स घेतात. तरी अडचण राहते, कारण गोठणं, बाष्पीभवन, थेंब जुळणं या प्रत्येक प्रक्रियेला स्टेपच्या सुरुवातीचंच पाणी दिसतं. एक तारखेचा पगार बघून घरातल्या चौघांनी एकमेकांना न विचारता महिन्याचा खर्च ठरवावा तसं ते होतं, बेरीज पगाराच्या वर जाते. मग पाणी ऋण होऊ नये म्हणून कोडमध्ये कात्री लावतात, हा लिमिटर, तो लिमिटर, आणि स्टेप मोठी असली की ढगाचं रूप निसर्गाच्या नियमाऐवजी ही कात्रीच ठरवायला लागते, आणि मॉडेल क्रॅश न होता शांतपणे चुकीचं उत्तर देत राहतं! फुटणारं मॉडेल त्या मानाने परवडलं, निदान कळतं तरी.

उलटंही होतं. एनकारच्याच डेव्हिड विल्यमसन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की बारीक ग्रिडसाठी स्टेप लहान केली पण उंच वाढणाऱ्या गडगडाटी ढगांच्या स्कीमचा, म्हणजे खान्यापेक्षा लहान ढगांचा हिशोब अंदाजाने करणाऱ्या कोडचा, स्वतःचा वेळ तासाभराचाच ठेवला, तर ती स्कीम मागे पडते, ओलावा दुसरी स्कीम उचलते आणि एकाच खान्यात वेडावाकडा जोरदार पाऊस पडतो. त्यामुळे स्टेप बदलली की आतले सगळे वेळ परत तपासायला लागतात, नुसता एक आकडा निम्मा करून भागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे प्रत्येक खान्यात ढगांचं छोटं मॉडेलच बसवायचं, जे काही सेकंदांच्या स्टेपने चालतं. २००१ च्या सुमारास हे सुरू झालं आणि आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनेही सीएफएस या मान्सूनच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये करून पाहिलं. सगळा ग्रिडच बारीक करायचा तर खर्च अंगावर येतो, आडव्या दोन्ही दिशांनी खाना निम्मा केला की खाने चौपट आणि स्टेपही निम्मी, म्हणजे काम आठपट. २०२५ मध्ये सुरू झालेली आयआयटीएमची भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरवर चालते, ती काही दिवसांच्या अंदाजासाठी, शंभर वर्षं चालवायची तर हिशोबच वेगळा. आणि ६ किलोमीटरच्या खान्यातही एकटा गडगडाटी ढग नीट उमटत नाही, म्हणजे ढगांच्या स्कीम्स आणि त्यांच्या स्टेप्स तिथेही तपासाव्या लागणारच.