पेन्शनला निघताना: सह्यांच्या कागदामागची गोष्ट

पेन्शनला निघालेला जवान शेवटच्या दिवसांत एक कागद घेऊन युनिटभर हिंडताना दिसतो. कोत (शस्त्रागार), क्यूएम स्टोअर (सामानाचे कोठार), कँटीन, लायब्ररी, क्वार्टर. प्रत्येक ठिकाणी एक सही. रायफल जमा झाली का, मच्छरदाणी परत आली का, कुठे उधारी राहिली का. हा 'नो ड्यूज' म्हणजेच सुटणे, असे घरच्यांना वाटते. खरे तर तो त्यातला सोपा भाग.

फौजेने जवानाला काय द्यायचे, हा दुसरा भाग जुना आणि किचकट. त्याचे मूळ डिस्चार्जच्या दाखल्यात आहे. गावी परतलेला शिपाई सुट्टीवर आलाय, सुटून आलाय की पळून, हे एरवी कोण सांगणार? १९११ च्या कायद्याच्या जागी आलेल्या १९५० च्या आर्मी ॲक्टचे कलम २३ याच दाखल्याचे. कोणाच्या अधिकाराने सोडले, कारण काय आणि एकूण नोकरी किती, एवढ्या तीनच गोष्टी त्यात हव्यात. गंमत म्हणजे हा दाखला इंग्रजीबरोबरच जवानाच्या मातृभाषेतही द्यावा, असे कलम सांगते. साताऱ्याच्या माणसाला आपल्या सुटकेचे कारण मराठीत वाचता यावे, हा हक्क कायद्यातच आहे. किती जणांना तो ठाऊक असेल, देव जाणे.

पेन्शनर मंडळींची वस्ती कोकणाने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून पाहिली. १८१८ नंतर दापोलीत छावणी आली आणि पुढे १८५७ पर्यंत तिथे वयस्क शिपायांची पलटण होती. छावणी उठली तरी 'कॅम्प दापोली' हे नाव टिकले आणि निवृत्त लष्करी कुटुंबेही राहिली. सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त झाल्यावर बाळ भीमरावासह काही काळ तिथेच होते.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे अनेक जवानांचा करार सात वर्षे कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष नोकरी) आणि आठ वर्षे रिझर्व्ह (घरी, पण बोलावल्यास हजर) असा असे. साठ-सत्तरच्या दशकांत कलर सर्व्हिस वाढवली गेली. पूर्ण सर्व्हिस पेन्शनला किमान १५ वर्षांची नोकरी लागते, त्यामुळे ती घेऊन घरी जाणारे वाढले आणि कागदही. १९७६ मध्ये आर्मी ग्रुप इन्शुरन्स आला, २००३ मध्ये ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना. शिवाय प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब आणि सुटण्याआधीची वैद्यकीय तपासणी. ही तपासणी उरकून टाकू नये. गुडघ्याचे दुखणे त्या फॉर्मवर नोंदले गेले नाही, तर नंतर अपंगत्व पेन्शन मागताना जड जाते.

पण सगळ्यात जास्त अडते नावावर. लग्न, मुले, जन्मतारखा यांची नोंद पार्ट टू ऑर्डर या युनिटच्या लेखी आदेशाने होते. भरतीनंतर कधीतरी क्लार्कने बायकोचे नाव 'सखू' लिहिलेले असते, आधार कार्डावर ती 'सखुबाई' असते आणि बँकेत तिसरेच काही. जवान हयात असेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी तीच बाई सैनिक बोर्डाच्या ऑफिसात प्रतिज्ञापत्र घेऊन उभी असते. म्हणून जुने सुभेदार सांगतात: घरी जायच्या वर्षभर आधी शीट रोल (नोकरीच्या नोंदींचा कागद) काढून एकेक अक्षर तपासा.

पेन्शनचे आदेश प्रयागराजच्या द्रौपदी घाटावरच्या लेखा कार्यालयातून निघतात. पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, तो कागद वर्षानुवर्षे ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळला गेला. २०२१ पासून 'स्पर्श' ही पेन्शनची ऑनलाइन प्रणाली आली, हयातीचा दाखलाही ऑनलाइन झाला आणि जुन्या नोंदींतल्या चुका मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागल्या.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ या भरती योजनेमुळे आता वेगळाच जवान सुटणार आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, म्हणून पीपीओही नाही, सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन तो निघेल. कोतमधली सही मात्र त्यालाही घ्यावी लागेल.