दारा शुकोह : वारसायुद्धातील चुका

दारा शुकोह (१६१५–१६५९) हा शाहजहानचा थोरला मुलगा व पसंतीचा वारस. त्याची मनसब (दरबारी दर्जा) ६०,००० ची, औरंगजेबाची २०,००० ची. आग्र्याचा खजिनाही दाराच्याच हाताशी. तरीही दोन वर्षांत तो सर्वस्व गमावून बसला. औरंगजेबाचे रणकौशल्य हे त्याचे अर्धेच कारण. दाराला माणसे ओळखता येत नसत.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडताच दाराने सुभ्यांकडे जाणारी डाक अडवली आणि भावांच्या दरबारातील वकिलांवर (प्रतिनिधींवर) पहारे बसवले. त्याने भलतेच झाले: बादशहा वारल्याची आवई उठली आणि शुजा, औरंगजेब व मुराद या तिन्ही भावांना फौजा हलवायला निमित्त मिळाले. पुढे त्याने निवडक फौज मुलगा सुलेमान शुकोहबरोबर शुजावर पूर्वेला धाडली. सोबत होते मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखान, म्हणजे पुढे १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणारी जोडी. दाराची बाजू पडताच दोघेही सुलेमानला सोडून गेले.

एप्रिल १६५८ मध्ये उज्जैनजवळ धर्मतला औरंगजेबाने बादशाही फौजेचा पराभव केला, त्यानंतर चंबळेचे नेहमीचे उतार दाराने तोफा लावून रोखले. औरंगजेब चंपतराय बुंदेल्याने दाखवलेल्या आडवाटेच्या उतारावरून पार झाला. सुलेमानची फौज परतेपर्यंत थांबावे, हा शाहजहानचा सल्लाही दाराने मानला नाही. २९ मे १६५८ रोजी सामूगढला त्याच्या तोफखान्याने शत्रू टप्प्यात येण्याआधीच दारूगोळा उधळला. मग तो स्वतः मध्यफळी सोडून पुढे सरकला, त्यामुळे आपल्याच तोफांच्या माऱ्याआड आला. शेवटी हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून सैन्याने पळ काढला. दाराचा सरदार खलीलुल्लाखान याच्या फितुरीवर सगळा दोष टाकण्याची पद्धत आहे, पण हे निर्णय दाराचे होते.

मार्च १६५९ मध्ये मारवाडचा राजा जसवंतसिंह याच्या शब्दावर तो अजमेरजवळ देवराई या गावी लढायला उभा राहिला. जसवंतसिंह आलाच नाही. तेथून गुजरात, कच्छ, सिंध असे पळत तो बलुचिस्तानातील बोलन खिंडीजवळ दादरचा अफगाण सरदार मलिक जीवन याच्याकडे गेला. या मलिकला त्याने पूर्वी शाहजहानकडून जीवदान मिळवून दिले होते. इथे पत्नी नादिरा बानू वारली, तेव्हा उरलेसुरले सैनिक त्याने तिच्या शवाबरोबर लाहोरला पाठवले. एकाकी दाराला मलिकने पकडून दिले.

मळक्या हत्तीवरून त्याची दिल्लीत धिंड काढली, तेव्हा लोक रडले. दुसऱ्या दिवशी जमावाने मलिकवर दगडफेक केली. या उद्रेकाने औरंगजेब बिथरला आणि ३० ऑगस्ट १६५९ च्या रात्री दाराचा शिरच्छेद झाला.